अपुऱ्या दिवसांची मुले आणि अपुरे संशोधन

पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत एखाद्या फौंड्रीच्या सुपरवायझरला बिडाचा अमुक नग बाद का झाला असे विचारले, तर तो नशिबाकडे बोट दाखवीत नाही. वाळूत ओल अधिक होती, रस ओतताना तापमान उतरले होते, साच्यातील गाभा सरकला होता, असे काहीतरी कारण तो शोधतो, वहीत नोंदवितो आणि पुढच्या ओतकामात दुरुस्ती करतो. माणसाचे मूल म्हणजे बिडाचा नग नव्हे, हे उघडच आहे. परंतु कारण शोधण्याची जी शिस्त लोखंडाच्या वाट्याला येते, ती त्याच वसाहतीत राबणाऱ्या आणि तिच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मातेच्या वाट्याला का येऊ नये? सातव्या किंवा आठव्या महिन्यात प्रसूती झाली, की ‘जड उचलले असेल’, ‘दगदग झाली असेल’, ‘नशीब’ एवढ्यावर घरातील चर्चा संपते. दवाखान्याच्या कागदावरही बहुधा ‘अकाली प्रसूती’ एवढे दोनच शब्द उरतात.

हा काही थोड्या कुटुंबांचा प्रश्न नाही. गर्भारपणाचे ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या मुलास वैद्यकशास्त्र अपुऱ्या दिवसांचे मूल मानते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ३४ लाख मुले अशी जन्मली. त्यांपैकी ३० लाखांहून अधिक एकट्या भारतातील होती. म्हणजे आपल्याकडे जन्मणाऱ्या शंभर मुलांपैकी सुमारे तेरा मुले दिवस भरण्याआधीच येतात. पाच वर्षांच्या आतील बालमृत्यूंचे जगातील सर्वांत मोठे कारण आज हेच आहे. जी मुले वाचतात, त्यांतील काहींना दृष्टी, श्रवण वा शिकणे यांतील अडचणी आयुष्यभर पुरतात. वर्गात मागे पडणाऱ्या एखाद्या मुलाच्या जन्माची हकिकत शिक्षकाने चौकशी करून पाहिली, तर तिचे मूळ कधीकधी येथे सापडेल.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांकडून घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्यामुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत हीच पद्धत देशभर नेण्यात आली. जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांसाठी विशेष कक्ष उघडले गेले. परंतु ही सारी धडपड मूल जन्मल्यानंतरची आहे. ते वेळेआधी का आले, हा प्रश्न मात्र तसाच शिल्लक राहिला आहे.

बाहेरचे ज्ञान, आपली माणसे

परदेशात लागलेला शोध आयता उचलावा, वेगळ्या संशोधनाची गरज काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका इंजेक्शनच्या इतिहासात आहे. न्यूझीलंडचे डॉ. लिगिन्स मेंढ्यांमध्ये प्रसूतिकळा कशाने सुरू होतात याचा शोध घेत होते. स्टेरॉइड दिल्यानंतर वेळेपूर्वी जन्मलेली कोकरे अपेक्षेबाहेर श्वास घेताना त्यांना आढळली. त्यातून १९७२ साली, अकाली प्रसूतीची शक्यता असलेल्या मातेस स्टेरॉइड द्यावे म्हणजे बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, हा उपचार सिद्ध झाला. श्रीमंत देशांत त्याने असंख्य बालके वाचविली.

हाच उपचार गोरगरीब भागांत सर्रास नेला तर काय होते, हे पाहण्यासाठी सहा देशांत एक मोठी चाचणी झाली. भारतातील तिची केंद्रे बेळगाव व नागपूर ही होती. २०१५ साली निष्कर्ष आला, तेव्हा सारे चकित झाले. ज्या विभागांत उपचार पोहोचला, तेथे एकूण नवजात मृत्यू घटण्याऐवजी किंचित वाढलेच होते. गर्भाचे वय नेमके ठाऊक नसल्याने इंजेक्शन मिळालेल्या अनेकींची प्रसूती पुढे दिवस भरूनच झाली होती. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांत नवी चाचणी घेतली. गर्भाचे वय सोनोग्राफीने तपासून आणि बाळाच्या देखभालीची सोय असेल तेथेच उपचार दिला, तर मृत्यू खरोखरच कमी होतात, हे २०२० साली स्पष्ट झाले. एकच औषध एका परिस्थितीत तारक आणि दुसऱ्या परिस्थितीत घातक ठरू शकते, हे ज्या भूमीवर ते वापरायचे तेथेच तपासल्यावाचून कळले नसते.

२०२० सालीच आणखी एक निष्कर्ष आला. पहिलटकरणींना गर्भारपणाच्या आरंभापासून वैद्यकीय देखरेखीखाली अल्प मात्रेत ॲस्पिरिन दिले असता अकाली प्रसूतीचे प्रमाण शेकडा १३.१ ऐवजी ११.६ इतके आढळले. सहा देशांतील सुमारे बारा हजार स्त्रियांच्या या अभ्यासातही बेळगाव आणि नागपूर होते. स्त्रिया आपल्या, परिचारिका व डॉक्टर आपले. पैसा मात्र अमेरिकन सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेचा! त्याबद्दल कृतज्ञता असावीच. परंतु याच संस्थेने २०२५ साली परदेशी सहयोगी संस्थांना अनुदान देण्याची जुनी पद्धत थांबविली, तेव्हा परक्या तिजोरीवर उभे असलेले संशोधन किती अस्थिर असते हेही दिसून आले.

तारीख चुकली की हक्क हुकला

आपल्या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१५ साली हरियाणातील गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात ‘गर्भ-इनि’ हा अभ्यास सुरू केला. त्यात हजारो गर्भवतींची नोंद झाली. त्या आधारे फरिदाबादच्या संस्थेने आणि मद्रासच्या आयआयटीने भारतीय गर्भांसाठी वय काढण्याचे स्वतंत्र सूत्र २०२४ साली प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य सूत्रांच्या तुलनेत त्यातील चूक जवळजवळ तिपटीने कमी होते, असे संशोधकांनी जाहीर केले. सरकारी पाठबळ सातत्याने मिळाले तर काय होऊ शकते, याचा हा पुरावाच होय.

या सूत्राचे महत्त्व कामगार स्त्रीला अधिक आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने दिलेले आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झालेले संरक्षण प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मागे मोजले जाते. पगारी रजा २६ आठवड्यांची असली, तरी प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त आठच आठवडे मिळतात. दीर्घकाळ उभे राहण्याच्या किंवा कष्टाच्या कामातून सूट मागण्याचा हक्क साधारण तिसाव्या आठवड्यापासून सुरू होतो. म्हणजे ज्या स्त्रीचे मूल एकोणतिसाव्या आठवड्यात येते, तिच्यासाठी या दोन्ही तरतुदी उशिरा पोहोचतात. तारीखच चुकीची धरली गेली असेल, तर इतरही अनेकींचे तेच होते. उष्णता, दीर्घकाळ उभे राहणे, रात्रपाळी यांचा अकाली प्रसूतीशी संबंध असल्याचे अनेक अभ्यास सुचवितात. परंतु भट्टीच्या धगीशेजारचे काम आणि कंत्राटी नोकरीतील रजेची भीती यांचा एकत्रित परिणाम गुरुग्रामच्या नोंदींतून कसा उलगडणार?

शिरोलीत काय व्हावे

अमेरिकेने अकाली जन्माच्या संशोधनासाठी २००६ साली खास कायदा केला, तरी तेथे आजही शंभरातील दहा मुले अपुऱ्या दिवसांची जन्मतात, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. संशोधन म्हणजे जादू नव्हे, आणि एका कारणाचा हा रोगही नव्हे. आधी परिचारिका नेमा, मग संशोधन करा, हेही म्हणणे रास्त वाटते. परंतु नोंदी नीट ठेवणारी परिचारिका हीच या संशोधनाची पहिली गरज असल्याने या दोन मागण्यांत विरोध नाही.

म्हणून राज्य सरकारने कोल्हापूरच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयावर शिरोली व आसपासच्या वसाहतींतील गर्भवतींच्या निदान दहा वर्षांच्या अभ्यासाची जबाबदारी सोपवावी. त्यासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद असावी. दरवर्षी नव्याने हात पसरावा लागू नये. प्रत्येक स्त्रीची सोनोग्राफी पहिल्या तीन महिन्यांत विनामूल्य व्हावी. तिचे काम, पाळी, आहार आणि राहण्याची जागा यांची नोंद तिच्या संमतीने व्हावी, आणि ती मालकाच्या वा कंत्राटदाराच्या हाती कदापि पडू नये. प्रयोगशाळेच्या कामात शिवाजी विद्यापीठाला आणि अनुभवासाठी शेजारच्या बेळगावला सामील करून घ्यावे. सीमेचा खटला न्यायालयात आहे, म्हणून डॉक्टरांनी एकमेकांशी बोलू नये असे नाही. निघालेले निष्कर्ष मराठीत, आणि परप्रांतातून आलेल्या कामगार कुटुंबांसाठी हिंदीत, त्या स्त्रियांना सांगितले जावेत.

राज्याच्या एकूण खर्चात ही रक्कम फार मोठी असणार नाही. उलट, वेळेआधी जन्मलेल्या मुलाच्या उपचारांसाठी कर्ज काढणाऱ्या कामगाराला आज जो खर्च सोसावा लागतो, तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. कोल्हापूरच्या लोकप्रतिनिधींनी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात ही मागणी मांडावी, आणि शिरोलीच्या उद्योजकांनी व कामगार संघटनांनी एकत्रितपणे तिला पाठिंबा द्यावा.