कर्मशाला, घरगुती
वाहन ठेवणे आणि वाहनाची व अवजारांची दुरुस्ती करणे यांसाठी राहत्या घरापासून अलग बांधलेली खोली. जळगाव व धुळे जिल्ह्यांत तिचा आराखडा मुख्यत्वे जमीन व उन्हाळा यांवरून ठरतो. तापी खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. त्यामुळे भिंतींना तडे जाऊ नयेत म्हणून पाया खालच्या मुरमापर्यंत नेतात व तळजमिनीखाली मुरमाचा भराव ठोकून बसवितात. मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. म्हणून इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवून उत्तरेस मोठ्या खिडक्या ठेवतात. उत्तरेचा प्रकाश सौम्य व एकसारखा असतो. खानदेशातील धाब्याच्या घरांचे मातीचे जाड छप्पर उष्णता रोखते. पत्र्याच्या छपराखाली मात्र उष्णतारोधक थर द्यावा लागतो. एक मोटार व कामाचे मेज यांना सु. ४ × ७ मी. जागा पुरते; मेजाची उंची ८५ ते ९० सेंमी. असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तपासणीच्या खड्ड्यात साचते व ठिणगीने पेटते. म्हणून वितळजोडकाम त्यापासून दूर करतात व जमिनीलगत वायुवीजन ठेवतात. कोरड्या जमिनीचा विद्युत् रोध वाढत असल्याने भूसंपर्काच्या खड्ड्यात उन्हाळ्यात नियमित पाणी घालणे आवश्यक असते. अन्यथा सदोष यंत्राचा धक्का प्राणघातक ठरू शकतो.