घर कुठं घ्यायचं? बाळे की नीलमनगर?

भाकरी थापत असाल तर थापत राहा, फक्त कान इकडे असू द्या. आज आपण बोलणार आहोत बिऱ्हाड हलवण्याबद्दल.

मागे आमच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब लवकर आटोपला, पण बैठक दिवे लागेपर्यंत चालली. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या एका ताईच्या मालकांना चिंचोळी एमआयडीसीत काम आहे. ताईला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल शिवायचं काम मिळालं. मुलगी आठवीत. आता सोलापुरात राहायला जायचं, पण कुठल्या बाजूला?

ज्यांना शहर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चिंचोळी ही पुणे रस्त्यावर, मोहोळच्या दिशेला. त्याच रस्त्यावर शहराच्या तोंडाशी खंडोबाचं बाळे आणि त्याला लागून केगाव, जिथं विद्यापीठ आहे. अक्कलकोट रोड मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथं कारखान्यांच्या जवळ नीलमनगर, सुनीलनगर या कामगारांच्या वस्त्या आहेत. म्हणजे नवऱ्याचं काम एका टोकाला, बायकोचं दुसऱ्या.

आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "बाळ्यातच राहा. मालकांना सोयीचं, गाव जवळ, भाडंही कमी." नंतर एकीनं विचारलं, "आणि हिच्या जाण्यायेण्याचं काय?" तेव्हा आम्ही गप्प झालो. घर बघताना अंतर मोजायचं ते पुरुषाच्या कामापासूनच, ही सवय आम्हा बायकांनाही लागलेली आहे.

मग पाटी-पेन्सिल घेतली. आकडे या कुटुंबाचे आहेत, तुमचे वेगळे असतील.

बाळ्यात भाडं ३,५०० रुपये, नीलमनगरात ४,२००. वरवर पाहता बाळे ७०० रुपयांनी स्वस्त. पण बाळ्याहून ताईला स्टँडपाशी उतरून दुसरी रिक्षा धरावी लागते. जाऊन-येऊन ८० रुपये, महिन्याचे २६ दिवस धरले तर २,०८०. मालकांच्या कारखान्याची बस बाळ्यातूनच जाते, त्यांना खर्च नाही. नीलमनगरातून ताई पायी जाते. मालकांना बसच्या थांब्यापर्यंत रिक्षानं जावं लागतं, रोजचे ४०, महिन्याचे १,०४०. आता बेरीज करा. बाळे ५,५८०, नीलमनगर ५,२४०. स्वस्त वाटलेलं घर ३४० रुपयांनी महाग निघालं.

पैशानंतर वेळ. बाळ्याहून ताईला एका वेळेला एक तास, नीलमनगरातून पाव तास. रोजचा दीड तास वाचला, म्हणजे महिन्याला ३९ तास. मालकांचे रोज ४० मिनिटं जास्त गेले, महिन्याला साधारण १७ तास. दोघांचे मिळून साधारण २२ तास घरात राहिले. शिवाय ताईच्या कामावर दहा मिनिटं उशीर झाला की अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. रिक्षा भरेपर्यंत थांबणाऱ्या बाईला हे परवडत नाही.

तिसरा हिशोब पाण्याचा. सोलापूरला पाणी उजनी धरणातून, टाकळीला भीमेतून आणि हिप्परगा तलावातून येतं. नळाला ते रोज येत नाही, काही दिवसांआड पाळीनं येतं. म्हणून घरमालकाला विचारू नका, शेजारच्या बाईला विचारा. पाणी कितव्या दिवशी येतं, किती वाजता, किती वेळ टिकतं? आणि टाकी किती लिटरची? दोघंही कामावर असताना पाणी येऊन गेलं तर मुलीची शाळा बुडते. बादल्या तीच भरते.

चौथा हिशोब रस्त्याचा. बाळ्यातून पुण्याचा मोठा महामार्ग जातो, जड गाड्या सतत. मुलीची शाळा रस्त्याच्या कुठल्या बाजूला, ओलांडायचं कुठून, हे स्वतः चालून बघा. संध्याकाळी सात वाजता गल्लीत दिवे असतात का, तेही बघा.

कुणी म्हणेल, मग स्वतःचं घरच घ्यावं. अक्कलकोट रस्त्यालाच पुढं कुंभारीत विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर नगरात १०,००० घरं झाली. त्यानंतर रे नगरचा ३०,००० घरांचा प्रकल्प आला, त्यातली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ रोजी देण्यात आली. हक्काचं घर ही मोठी गोष्ट. पण कुंभारी महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. तिथंही कामापर्यंतचं अंतर मोजावंच लागतं.

स्वस्त प्लॉटचं तर जपूनच. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे गुंठे पाडून स्टॅम्पवर नोटरी करून दिली, की मालकी मिळाली असं होत नाही. सातबारा, बिनशेतीची कागदपत्रं आणि नोंदवलेलं खरेदीखत बघा. रहिवासी घर बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, तीही विचारून घ्या.

भाड्यानं राहताना करार लेखी करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. रेशनची चिंता नको. अन्नसुरक्षेच्या यादीत नाव असेल तर अंगठा लावून शहरातल्या दुकानातूनही धान्य मिळतं.

एक प्रश्न मात्र पाटीवर सुटला नाही. ताईच्या सासूबाई गावी एकट्या, आजारी असतात. बाळ्याहून गाव जवळ, नीलमनगरातून लांब. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दर रविवारी ताई गावी येते. पण रात्री-अपरात्री काही झालं तर? ते शेजारच्या दोघींनी अंगावर घेतलंय, दोघीही आमच्या गटातल्याच.

ताईनं आधी दोन्हीकडून एकेक दिवस कामावर जाऊन बघितलं, घड्याळ लावून. मग नीलमनगरात ११ महिन्यांच्या करारानं खोली घेतली. खोली लहान आहे, उन्हाळ्यात पत्रा तापतो, हे ती लपवत नाही. पण आता मुलगी शाळेतून येते तेव्हा आई दारात असते.

तुमच्या गटात कुणी बिऱ्हाड हलवणार असेल, तर पुढच्या बैठकीत पाटीवर चार रकाने पाडा: पैसा, वेळ, पाणी, रस्ता. आणि पहिला आकडा बाईच्या कामापासून मोजा.