पावसाचा हिशेब गावाकडे

एक हेक्टर वावरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की 10 हजार लिटर पाणी पडलं. अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्याकडे वर्षाला 800 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे हेक्टरी 80 लाख लिटर. एवढं पाणी जातं कुठे, याचा हिशेब गावकऱ्यांनीच मांडायचा, असा प्रयोग वऱ्हाडात झाला आहे.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, लोकांच्या तोंडी ‘पोकरा’, जागतिक बँकेच्या कर्जातून 2018 मध्ये सुरू झाला. हेतू असा की बदलत्या हवामानात शेती टिकावी. पहिल्या टप्प्यातल्या 5,142 गावांपैकी 932 पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातली, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागातली होती. हा पट्टा तिवशाच्या पश्चिमेला, भातकुली-दर्यापूरकडून अकोल्याकडे पसरलेला. गावोगावी ग्राम कृषी संजीवनी समिती नेमली गेली, शिवारफेरी निघाली, गावाचा नकाशा काढला गेला आणि पाण्याचा ताळेबंद मांडला गेला. किती वाहून गेलं, किती मुरलं, पिकाला किती लागलं, हे गणित बसवायला आयआयटी मुंबईची मदत होती. पण कोणता धुरा दरवर्षी फुटतो, हे त्या धुऱ्यावर उभं राहूनच कळतं.

महिलांची सभा वेगळी घेत, हे मला यातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही. कोणत्या विहिरीचं पाणी डाळीला चालतं, हे स्वयंपाक करणारीला पाठ असतं. भूजलाचा सरकारी नकाशा एवढ्या बारकाव्यात शिरत नाही. पारावरच्या सभेत मात्र ती बहुधा गप्पच बसते.

गावाने आपलं नियोजन आपण करावं, हा विचार इथे नवा नाही. याच तालुक्यातल्या मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम 1935 पासून आहे. त्यांची ‘ग्रामगीता’ 1955 ची.

शहरांचं गाडं जरा मागे आहे. मुंबईने मार्च 2022 मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला, त्याआधी नागरिकांच्या सूचनाही मागवल्या. राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात 2020 पासून लहान शहरंही आली, पण तिथे सामान्य माणसाच्या वाट्याला मुख्यतः आली ती हरित शपथ. शपथ घेणं आणि विचारलं जाणं यांत फरक आहे. तिवशाला नगरपंचायत आहे, आणि नगरपंचायत म्हटली की प्रभाग सतरा. रोज एका प्रभागात फेरी काढली, नाल्या, बोअर आणि सावलीची झाडं वहीत नोंदवली, तर अडीच आठवड्यांत सगळं गाव पायाखालून जाईल. सुरुवात मे महिन्यात करावी. टँकर कोणत्या गल्लीत थांबतो ते तेव्हाच दिसतं.