कडेवरचं पोर आणि थोरलीची पाटी

उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमाकाठची जुनी गावं पाण्याखाली गेली. माणसं वर सरकली, काही नव्या गावठाणात गेली, पुष्कळशी आपापल्या रानात वस्ती करून राहिली. आज माढा, करमाळा, इंदापूर तालुक्यांत यशवंतसागराच्या कडेने ऊस आहे, उसाच्या पोटात वस्त्या आहेत आणि पाण्यालगत मासेमारी करणाऱ्यांची घरं आहेत. अशा घरांतून मोठ्या मुलांच्या शिक्षणाचा विषय काढला की पहिला प्रश्न फीचा किंवा पुस्तकांचा येत नाही. तो येतो, "धाकट्याला कोण बघणार?"

घरी शिकणारी मुलं दोन प्रकारची. काहींच्या आईबापांनी विचार करून शाळेऐवजी घर निवडलेलं असतं, अशी थोडी. दुसरी मुलं घरी असतात, कारण घरात रांगतं पोर असतं. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी. दोघंही पहाटे फडात गेले की कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीत, दहा-अकरा वर्षांची थोरली आणि तिच्या कडेवर तान्हं उरतं. मासेमारीच्या घरात बाप पहाटे जाळी काढायला जातो, आई मासळी घेऊन बाजाराला, तिथेही तेच. घर विचार करून निवडलेलं असो वा नाइलाजाने, अडचण मात्र एकच आहे: दोन वर्षांचं मूल जागं असताना दहा वर्षांच्या मुलीने शिकायचं कसं?

या प्रश्नाला महाराष्ट्रात फार पूर्वी उत्तर मिळालेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं. अनुताई पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या, म्हणजे उजनीकाठच्या माणसांना परक्या नव्हेत. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेलं. तिथे शाळेत मुलं टिकेनात. कारण शोधायला गेल्यावर दिसलं, की मोठी मुलं घरी भावंडं सांभाळतात किंवा रानात गुरं राखतात. ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही, शाळेचाच आकार बदलला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. या रचनेला विकासवाडी म्हणतात. थोरलीने धाकट्याला कडेवर घेऊन यायचं, पाळणाघरात ठेवायचं आणि पलीकडच्या वर्गात बसायचं. तान्हं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तिचा जीव थाऱ्यावर. गुराख्यांसाठी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. शिक्षणाच्या इतिहासात याहून माणुसकीची योजना मला ठाऊक नाही.

घरात शिकवणाऱ्या आईलाही हाच धडा उपयोगी आहे. धाकट्याला गप्प बसवून, दाराआड ठेवून किंवा मोबाईल हातात देऊन थोरलीचा अभ्यास होत नाही. त्याला अभ्यासात जागा द्यावी लागते. दोन वर्षांच्या मुलाला तेच हवं असतं जे ताईकडे आहे. म्हणून त्याची वेगळी पाटी आणि जाड खडू असावा. पातेली-झाकणं जुळवणं, ओल्या मातीचे गोळे, कपड्यांच्या घड्या, ही त्याची खरी कामं आहेत. चिंचोके आणि शेंगदाणे मोजायला छान, पण ते थोरलीपुरते. लहान मूल ते तोंडात घालतं आणि घशात अडकतात. या भागात पाण्याचं भय तर पावलोपावली आहे. कालवा, विहीर, जलाशयाची कड आणि प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं, ज्यात पडलेल्याला निसरड्या उतारावरून वर येता येत नाही. वस्तीवर अभ्यासाला बसण्याआधी दाराला आडवी फळी लागते, आणि तान्ह्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी मोठ्या माणसाचीच.

वेळापत्रक घड्याळाला न बांधता तान्ह्याच्या झोपेला बांधावं. ते झोळीत झोपलं, की नवा धडा, अवघड गणित, व्याकरण. ते जागं असताना मोठ्याने वाचन, कविता, पाढे, चित्रं. थोरलीने धाकट्याला गोष्ट वाचून दाखवली तर तिचं वाचन सुधारतं आणि त्याच्या कानावर भाषा पडते. एक-दोन मुलांना शिकवायला शाळेइतके तास लागतही नाहीत.

शिवाय धरणच केवढं पुस्तक आहे! उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातलं सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे शून्याखाली मोजलं जाणारं पाणी. पाणी त्याखाली उतरलं की "उजनी मायनसमध्ये गेली" असं सगळा परिसर म्हणतो. ऋण संख्या शिकवायला याहून चांगलं उदाहरण कुठल्या पुस्तकात आहे? पाणी ओसरल्यावर जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, तो इतिहासाचा तास. भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी येतात. थोरलीने तारीख आणि अंदाजे संख्या वहीत लिहावी, धाकट्याने बोट दाखवून ओरडावं. याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. हात तान्ह्यात गुंतलेल्या आईला असा कोड फोनवर उघडून ऐकता येणारा धडा हा मोठा आधार आहे.

घरी शिकलेल्या मुलाला परीक्षेच्या वाटा आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालय आणि राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे. दहावी-बारावीला बाहेरून बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाचा हक्कही. ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे, ते गाव सोडताना मुख्याध्यापकांकडून मागून घ्यावं.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आहे. अंगणवाडीत शिकवणं तीन वर्षांपासून सुरू होतं. त्याआधीच्या मुलाला तिथे आहार आणि लस मिळते, दिवसभराची जागा सहसा मिळत नाही. म्हणजे नेमकं जे मूल थोरलीला घरी अडकवतं, त्याचीच सोय नाही. कायद्याने दिलेला थोरलीचा हक्क धाकट्याच्या झोळीला बांधलेला राहतो. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा अधिक लहान मुलं असली तर सांभाळायला एक बाई नेमावी लागते. हाच नियम उसाच्या फडाला का नसावा? कारखान्यांनी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देताना याचा विचार करायला हवा.

ही उणीव भरायला एक वाट आहे. २०२२ पासून केंद्राच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. उजनीकाठच्या गावांनी येत्या ग्रामसभेत त्याचा ठराव मांडावा आणि ते पाळणाघर शाळेच्या आवारातच मागावं.