मार्चमध्ये नांदूर मधमेश्वरला जाताय? मग पक्ष्यांना उडवू नका, कारण...

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर अभयारण्य हिवाळ्यात पक्षीप्रेमींनी गजबजतं. होळी जवळ आली की इथले पाहुणे पक्षी परतीच्या तयारीला लागतात. याच दिवसांत उडत्या थव्याच्या रीलसाठी त्यांना मुद्दाम उठवलं, तर ते त्यांना महागात पडतं. कसं?

पक्षी इथेच का येतात?

गोदावरी आणि कादवा नद्यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात दगडी बंधारा बांधला गेला. पाणी संथ झालं, गाळ साचला आणि उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती तयार झाल्या. थापट्या बदक इथे रुंद चोचीने पाणी गाळून खातं, तर तलवार बदक शेपूट वर करून तळाशी खाद्य शोधतं. २०२० मध्ये हे ठिकाण महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं.

परतीआधी काय घडतं?

स्थलांतरापूर्वी पक्षी भरपूर खाऊन अंगात चरबी साठवतात. लांबच्या उड्डाणात तेच त्यांचं इंधन. पट्टकदंब हंसाला तर हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडे जायचं असतं.

एकदा उडवलं तर काय बिघडतं?

पाण्यावरून झेप घेताना सर्वाधिक ताकद लागते. एकदा उडाला तर पक्षी सावरतो. पण दिवसभरात अनेक गट आले आणि प्रत्येकाने थवा उठवला, तर खाण्याचा वेळ जातो आणि साठवलेली चरबीही खर्च होते. अपुऱ्या इंधनावर निघालेला पक्षी वाटेत थकतो किंवा विणीच्या जागी उशिरा पोहोचतो.

मग पाहायचं कसं?

- पहाटे पोहोचा. चापडगावच्या मनोऱ्यावरून दुर्बिणीने पाहा.
- मातकट, हिरवट रंगाचे कपडे घाला.
- हॉर्न, ड्रोन आणि मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावणं टाळा.
- पक्षी खाणं थांबवून, मान ताठ करून तुमच्याकडे पाहू लागले, तर तुम्ही फार जवळ गेला आहात. दोन पावलं मागे या.

आणि फोटो?

तोही मिळतो. भोवत्यासारखा शिकारी पक्षी पाण्यावर घिरट्या घालू लागला की सगळा थवा आपसूक उठतो. त्यासाठी फक्त थांबायची तयारी हवी.