पिल्लू चावतं, कारण त्याला कुणी शिकवलेलं नसतं

चंदगड तालुका भाताचा, नाचणीचा, रताळ्यांचा. सुगीचं धान्य घरात आलं की मागोमाग उंदीर येतात, म्हणून इथे मांजर पाळणं ही हौसेपेक्षा गरजेची गोष्ट. कुणाच्या माळ्यावर मांजरी व्याली की शेजारपाजारचे आधीच पिल्लू सांगून ठेवतात आणि ते नीट चालायला लागलं की पिशवीत घालून घेऊन येतात. तेव्हा ते जेमतेम महिनाभराचं असतं. पुढे दोन-तीन महिन्यांत ते घरातल्यांच्या हातापायांचे चावे घेऊ लागतं आणि ‘जात्याच चावरं निघालं’ असा निकाल लागतो.

या निकालात पिल्लावर अन्याय आहे. मांजरीचे दात पिल्लांना लागत नाहीत ही म्हण खरी, पण जबड्याचा जोर आवरायला पिल्लाला शिकावं लागतं आणि ते शिक्षण भावंडांच्या कुस्तीत होतं. एकाने जोरात चावा घेतला की दुसरं किंचाळतं, खेळ सोडून निघून जातं. आई असली तर एक पंजा देते. असं पुन्हा पुन्हा घडलं की किती जोर चालतो हे पिल्लाला उमगतं. महिन्याचं पिल्लू उचलून आणलं की ही शाळाच बुडते. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच हजारांहून अधिक पाळीव मांजरांची माहिती तपासली होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ८ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली मांजरं जास्त आक्रमक आढळली. पिल्लू निदान १२ आठवडे आईजवळ राहू द्यावं. शक्य असेल तर दोन भावंडं एकत्र आणावीत. ती एकमेकांना चावतात, एकमेकांकडून शिकतात आणि आपले हात वाचतात.

‘दात येताहेत म्हणून चावतं, मोठं झालं की थांबेल’ हे अर्धंच खरं. साधारण साडेतीन ते सहा महिन्यांत २६ दुधाचे दात जाऊन ३० पक्के दात येतात आणि त्या काळात हिरड्या शिवशिवतात. पण तोवर आपण बोटं नाचवून त्याला खेळवलेलं असेल, तर हात हे खेळणं आहे हे त्याच्या मनात पक्कं बसतं. इवलंसं असताना गंमत वाटते. वर्षाच्या बोक्याने तोच खेळ मांडला की रक्त निघतं. म्हणून हाताशी खेळ नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून आणि घरातल्या सगळ्यांनी पाळायचा. एकाने थांबवायचं आणि दुसऱ्याने बोटं नाचवायची, यातून पिल्लू काहीच शिकत नाही.

दाराआडून घोट्यावर झेप घेणारं पिल्लू डूख धरून असतं, असंही म्हणतात. खरं तर ती शिकारीची तालीम असते: दबा, झेप, चावा, मग मागच्या पायांच्या लाथा. चालणारा पाय त्याच्या लेखी पळणारा उंदीर. मांजराचा हा हुरूप पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यांत जास्त असतो. त्यात चंदगडचा पावसाळा. पिल्लू दिवसचे दिवस घरात कोंडलेलं आणि अंगातली रग तशीच. या दोन्ही वेळांना काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून दहा मिनिटं पळवावं, शेवटी चिंधी पकडू द्यावी आणि लगेच खायला घालावं. शिकार, जेवण, झोप हा त्याचा क्रम पुरा होतो. खेळ संपला की दोरी उचलून ठेवावी. गिळलेला दोरा आतडी कापू शकतो.

चावलंच तर हात हिसकू नये, हिसकला की पकड आणखी घट्ट होते. हात सैल सोडावा, खेळ तिथेच बंद करावा आणि उठून जावं. ‘दोन फटके दिले की सुधारतं’ हे मात्र अजिबात खरं नाही. फटक्याने ते हाताला भ्यायला शिकतं आणि भ्यालेलं मांजर जास्त जोरात चावतं.

कुरवाळताना एकदम चावणारं मांजरही कृतघ्न नसतं. आधी शेपटी झटकते, कान मागे वळतात, पाठीची कातडी थरथरते. त्याने ‘पुरे’ म्हटलेलं असतं, आपण ऐकलेलं नसतं. एरवी शांत असलेलं मांजर अचानक चावू लागलं तर कुठेतरी दुखत असण्याची शक्यता असते, त्याला पशुवैद्यकाकडे न्यावं. आणि मासे-मटणाने मांजर चावरं होत नाही. उलट नुसत्या दूधभातावर त्याची आबाळ होते, कारण त्याला लागणारं टॉरिन मांस-मासळीतूनच मिळतं आणि ते कमी पडलं तर दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात.

सगळ्यांत जिवावर बेतणारा गैरसमज वेगळाच आहे: रेबीज कुत्र्यामुळे होतो, घरच्या मांजरामुळे नाही. रेबीज झालेल्या मांजराच्या लाळेतूनही तो होतो आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आपलं मांजर रात्री कुठल्या कुत्र्याच्या तावडीतून सुटून आलं, हे आपल्याला कुठे कळतं? चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवावी. चुना, हळद, तिखट काहीही भरू नये. मांजराचे दात सुईसारखे असतात. वर टिंब दिसतं आणि जंतू खोल गेलेले असतात. एका दिवसात हात सुजून ठणकू शकतो, तेव्हा रेबीज बाजूला ठेवला तरी डॉक्टरांना दाखवावंच लागतं. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही त्यांना विचारावं.

पोटात १४ इंजेक्शनं घ्यावी लागतील या भीतीने लोक अजूनही चावा लपवतात, लहान मुलं तर हमखास. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस भारतात २००५ च्या सुमारासच बंद झाली. आता लस दंडात देतात. ती त्वचेत देत असतील तर पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं असतं आणि तिथे ती मोफत मिळते. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढे पशुवैद्यक सांगतील तसा बूस्टर द्यावा.

चावणारं मांजर पोत्यात घालून तिलारीच्या जंगलात किंवा परगावी सोडून येण्याची रीत तर दुहेरी घातक आहे. पाळलेलं जनावर उपाशी मरेल असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शिवाय चावलेल्या मांजरावर १० दिवस नजर ठेवायची असते. लस ताबडतोब सुरू करायचीच, पण त्या १० दिवसांत मांजर ठणठणीत राहिलं तर पुढचे डोस लागतील की नाही हे डॉक्टर ठरवू शकतात. मांजर सोडून आलेल्याला ही सोय उरत नाही. त्याला सगळे डोस पुरे करावे लागतात.