रोबोटने ऑपरेशन की पोट उघडून?

मागे आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्जाचा अर्ज दिला. कारण लिहिले होते, ‘मालकांचे ऑपरेशन’. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. शहरातल्या एका दवाखान्यात त्यांना सांगितले, रोबोटनेच करा, नाहीतर लघवीवर ताबा राहणार नाही. ताई जमीन गहाण टाकायला निघाल्या होत्या. बैठकीत सगळ्या गप्प. मग आम्ही ठरवले, आधी नीट समजून घेऊ.

प्रोस्टेट ही ग्रंथी पुरुषांनाच असते, लघवीच्या पिशवीखाली, अक्रोडाएवढी. उतारवयात ती वाढते, तेव्हा लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून आतून खरवडतात. गावात बऱ्याच जणांचे झालेले असते ते हे. कॅन्सरचे ऑपरेशन वेगळे, त्यात अख्खी ग्रंथी काढतात. जुन्या पद्धतीत बेंबीखाली एक लांब चीर देतात. रोबोटच्या पद्धतीत पोटाला पाच-सहा छोटी भोके पाडतात. रोबोट आपल्या मनाने काही करत नाही, बरं का! सर्जनच बाजूला बसून त्याचे हात चालवतात.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या एका रुग्णालयात ३२६ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. अर्ध्यांना रोबोट, अर्ध्यांना उघडे ऑपरेशन. पहिले निकाल २०१६ मध्ये छापून आले. उघड्या ऑपरेशनमध्ये सरासरी सव्वा लिटरहून जास्त रक्त गेले, रोबोटमध्ये अर्ध्या लिटरहून कमी. एका गटाला रुग्णालयात सव्वातीन दिवस राहावे लागले, दुसऱ्याला दीड. पहिल्या आठवड्यात हालचाल करताना रोबोटवाल्यांना दुखलेही कमी. हा फायदा खराच आहे. पण लघवीवरचा ताबा आणि नवरा-बायकोचे संबंध, ज्याची भीती घालतात, त्यात तीन महिन्यांनी फरक दिसला नाही, आणि दोन वर्षांनीही नाही. कामावर परतायलाही जवळपास सारखेच दिवस लागले. दोन वर्षांनंतरच्या रक्ततपासणीत आजार पुन्हा दिसण्याचे प्रमाण रोबोटवाल्यांत कमी होते, पण अभ्यासकांनीच सांगितले की हे जपून घ्या, कारण पुढचे उपचार दोन्हीकडे सारखे ठरवून दिलेले नव्हते.

त्या अभ्यासात उघडी ऑपरेशने करणाऱ्या सर्जनचा हात दीड हजारांवर ऑपरेशनांनी बसलेला होता. आम्हाला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. यंत्र कोणते, यापेक्षा हात कोणाचा?

म्हणून ताईंना आम्ही वहीच्या पानावर प्रश्न लिहून दिले. तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशने केलीत? ऑपरेशन आत्ताच हवे का, की आजार हळू वाढणारा असेल तर तपासण्या करत थांबता येईल? शेक घेऊन भागेल का? लघवीची नळी किती दिवस राहील? महात्मा फुले योजनेत बसते का, हे आरोग्यमित्राला विचारायचे. आणि संबंधांबद्दलही विचारायचे, लाजायचे नाही. पुरुष विचारत नाहीत, मग घरात कुढत बसतात.

ताई दुसऱ्या एका सर्जनकडे जाऊन आल्या. त्यांनी सरळ सांगितले, ‘माझा हात उघड्या ऑपरेशनवर बसलाय, मी तेच करीन.’ तारीख ठरली आहे. गटाने जाण्यायेण्याचे आणि राहण्याचे कर्ज दिले. जमीन अजून ताईंच्याच नावावर आहे.